नाव तुफान, आणि म्हणे शांत आहे

कुळागरातल्या, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेतल्या, पाटाच्या कडेला डिसेंबरातही शेवाळ असतं. त्या शेवाळावरून कदंबमधून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेतून, निवृत्त झालेला एक ड्रायव्हर पोटावर घसरत चाललाय, हातात नायलॉनचा दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला तट्टू, आणि तट्टाच्या मनात चोर्ला घाट चढून थेट बेळगाव गाठायचं आहे. हे सगळं आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने एकच वाक्य उच्चारलं, "अहो, सोडा तो दोर!"

मी सोडला नाही. सोडता येत नव्हता, कारण शहाण्याने तो तळहाताला दोन वेढे देऊन धरला होता. पोफळीच्या एका बुंध्याला मी अडकलो, दोराला झटका बसला, तळहाताची साल निघाली आणि तुफान थांबला. थांबून त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डेपोतून नवी गाडी मिळाली की पहिल्या फेरीत ती आपल्याला जोखते असं आम्ही ड्रायव्हर लोक म्हणायचो, तसलं ते बघणं होतं.

घोडं घ्यायचं खूळ कुठून आलं, हे साखळीच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर साधं आहे. आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग, घराच्या वर, चढावर आहे. वाट एका माणसापुरती. मार्च ते मे बोंडू वेचायचे, डब्यांत भरायचे आणि डोक्यावरून खाली आणायचे. पूर्वी त्याला माणसं मिळायची, आता मिळत नाहीत, आणि माझा गुडघा आयुष्यभर क्लच दाबून दाबून कामातून गेलाय. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, तिथे सिलिंडरपासून सिमेंटपर्यंत सगळं घोड्यांवरून जाताना मी बघितलेलं होतं. म्हटलं, आपल्याला तर नुसते बोंडूचे डबे उतरवायचेत.

बेळगावकडे वरातीसाठी घोडे भाड्याने देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडचं हे पाच वर्षांचं, कुम्मैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचं, कपाळावर चांद असलेलं तट्टू. बाजारात उंची इंचात बोलतात, त्या हिशेबाने 50 इंची. बाहेरचे लोक हातात मोजतात, चार इंचांचा एक हात, म्हणजे साडेबारा हात भरलं. साडेचौदा हातांच्या, म्हणजे 58 इंचांच्या आतलं ते तट्टू, त्यावरचा तो घोडा, अशी ढोबळ रेघ. घोडेवाले म्हणाले, "एकदम शांत आहे, पोरं बसतात." नाव विचारलं तर म्हणाले तुफान. ज्याचं नाव कोणीतरी तुफान ठेवलंय तो शांत कसा असेल, हा प्रश्न टेम्पो घाट उतरून केरीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही.

पहिल्या संध्याकाळी तो खरंच शांत होता. प्रवासाने दमला होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी दाव्याभोवती गोल गोल फिरून त्याने अंगणात रिंगण पाडलं. तिसऱ्या दिवशी पाट.

इथे थोडं विषयांतर. गोव्यात, त्यातही आमच्या सत्तरीत आणि डिचोलीत, घोड्याचं प्रेम फार. शिगमो आला की घोडेमोडणी. कमरेला लाकडी तोंडाचा घोडा, डोक्यावर फेटा, हातात तलवार, ढोल-ताशावर पावलं. मी स्वतः तरुणपणी नाचलोय. पण खऱ्या घोड्याच्या मानेवर हात ठेवलेली माणसं गावात मोजकीच. गंमत अशी की एके काळी गोवं म्हणजे घोड्यांचं बंदर होतं. अरबस्तानातून, इराणातून गलबतं यायची, इथून घोडे घाटावर विजयनगरला जायचे. 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवं घेतलं, तेव्हा त्याला या व्यापाराचाही लोभ होताच. घोडे इथून वर जायचे. माझा वरून खाली आला, आणि त्याला परत वर जायचं होतं.

पाटाच्या प्रकरणानंतर मी घोडेवाल्यांना फोन लावला. उचलला नाही. मग त्यांच्याकडच्या जुन्या मोतद्दाराचा नंबर मिळवला. सत्तरीच्या घरातले (म्हणजे वयाची सत्तरी, आमचा तालुका नव्हे), सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. ते कदंबनेच आले. उतरताना ड्रायव्हरच्या नावाने बडबडत होते की पठ्ठ्याने सगळा घाट ब्रेकवर उतरवला. तिथेच आमचं जमलं.

मी त्यांना घोड्याकडे घेऊन निघालो, तर ते गेले खाद्याच्या पिंपाकडे. मूठभर हरभरे उचलून वास घेतला.

"किती घालता?"

"दोन किलो. घोडेवाल्यांनी सांगितलेलं."

"आणि काम?"

"सध्या काहीच नाही."

"मग असंच हुनार की ओ. पैलवानाला खुराक दिलासा आणि आखाड्यात न्ह्यायला इसरलासा."

त्या दिवसापासून हरभरा मूठभरावर आला, तोही भिजवून. बाकी गवत, भाताचं तण, म्हणजे पेंढा, आणि कुळागरातली हिरवळ. नंतर मी जरा वाचलंही. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड-दोन टक्के सुका चारा लागतो, दाणा त्यावर कामापुरता. वजन काढायलाही काटा लागत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 11880 ने भागायचं. तुफानचा घेर 142, लांबी 135. उत्तर आलं 229 किलो. जंताचं औषध द्यायला हा आकडा उपयोगी पडला. त्याहून जास्त उपयोगी पडलं ते एक गोष्ट डोक्यात शिरायला: मी 64 किलोचा आहे. रस्सीखेच खेळायचीच नाही.

मामांचं दुसरं लक्ष गेलं माझ्या पायांकडे. चपला. "पाय पायजेत का नगं?" गोव्यात आपण चपलेवर जगतो, चपलेवर मरतो. एका अंगठ्याचं नख तोवर काळं पडलेलं होतंच. त्या दिवसापासून बंद बूट, आणि हातात मोटरसायकलचे हातमोजे. नायलॉनचा दोर त्यांनी गुंडाळून माडाच्या बुंध्याशी फेकला आणि सुती कासरा मागवला, बारा फुटी. उरलेला दोर घड्या घालून हातात धरायचा, वेढे द्यायचे नाहीत. घडी सुटते, वेढा आवळतो. ते माझ्या तळहाताला आधीच कळलेलं होतं, डोक्याला तेव्हा कळलं.

आता मुख्य गोष्ट, जिथे माझं घोडं पेंड खात होतं.

तुफान पुढे घुसला की मी ओढायचो. मी ओढलं की तो आणखी जोर करायचा. मला वाटायचं हट्टी आहे. मामा म्हणाले, घोड्याच्या डोक्याला सतत ओढ लागली की ओढीच्या उलट जाणं हा त्याचा जातीचा गुण, त्यात हट्ट नाही. आणि मग म्हणाले, "घाट कसा उतरता तुमी?"

हे मला कोणी विचारायला नको. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा ड्रायव्हर दुसऱ्या वळणावर ओळखू येतो. लायनर तापतात, जळका वास सुटतो, आणि खऱ्या वळणावर पाय दाबला की गाडी ऐकत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून वेग आधीच मारून ठेवायचा, ब्रेक थोडा लावायचा आणि सोडायचा. सोडण्यावर सगळं असतं. मी तीस वर्षं चोर्ल्यात हे केलं, आणि कासऱ्यावर मात्र पाय दाबून बसलो होतो.

मग मामांनी मला जे करायला लावलं, ते बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. तुफानच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, एक हात अंतरावर, तोंड त्याच्या तोंडाच्याच दिशेला. कासरा तोंडावरच्या मोहरकीपासून वीतभर खाली धरायचा. मागच्या दिशेला हलकीशी ओढ द्यायची, फणसाचं पान देठापाशी वाकवावं इतकीच. आणि तशीच ठेवायची. वाढवायची नाही, सोडायची नाही. तुफानने आधी मान वर केली. मग डोकं माझ्यावर ढकललं. मग डावीकडे, उजवीकडे. मी तसाच. मग त्याचा माझ्या बाजूचा कान फिरला, मानेतला एक पट्टा सैल पडला आणि पुढच्या पायावरचं वजन चिमूटभर मागे गेलं. पाय उचललासुद्धा नव्हता. "सोडा!" मामा ओरडले. मला उशीर झाला.

पुन्हा. पुन्हा उशीर. सातव्या की आठव्या वेळी मी वेळेवर सोडलं. कासऱ्याला मधोमध झोळ आला, आणि तुफानने मोठा श्वास टाकला, नाकपुड्यांतून फुर्र करून. त्यानंतरच्या वेळी ओढ पुरती लागण्याआधीच एक पाऊल मागे गेला. मला स्टिअरिंग पहिल्यांदा हातात आलं तो दिवस आठवला.

तो पुढे घुसायला लागला, आणि हलकी ओढ त्याला ऐकूच आली नाही, तर? सरळ मानेने निघालेला घोडा माणसाला थांबवता येत नाही. मान वळलेली असली की येतो. म्हणून त्याला आपल्याभोवती लहान वळण द्यायचं, डोकं आत, आणि मागचा भाग बाहेर फिरवायचा. मागचे पाय एकमेकांना ओलांडायला लागले की इंजिनाचा जोरच जातो. हे दोघांनाही सपाट, मोकळ्या जागेत शिकायचं होतं. आम्ही अंगणात शिकलो. माझ्या हिच्या तुळशीवृंदावनाचा एक कोपरा त्यात गेला. तो मी परत बांधून दिलाय.

फाटकाची गोष्ट वेगळी. फाटक उघडलं की तुफान माझ्याआधी बाहेर, मला खांद्याने खांबावर चेपून. मामांचा नियम असा की फाटकाशी थांबायचं. तो घुसला तर दोन पावलं मागे. पुन्हा फाटक. पुन्हा दोन पावलं मागे. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं गेली, शेजारच्या वहिनी दोनदा येऊन विचारून गेल्या की फाटक अडकलंय का. चौथ्या दिवशी आम्ही माणसांसारखे बाहेर पडलो, आधी मी, मग तो.

आरशात न दिसणारी जागा हे आम्हा ड्रायव्हर लोकांचं जुनं दुखणं. घोड्यालाही ते आहे. डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला भोवतालचं जवळजवळ 350 अंशांचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागे अंधार. म्हणून समोरून सरळ हात कपाळावर न्यायचा नाही. मागून जायचं तर बोलत जायचं, आणि एक तर अंगाला खेटून, हात पुठ्ठ्यावर ठेवून, नाहीतर चांगलं दहा फूट लांबून. मधल्या अंतरावर लाथ पुरी बसते. माझ्या भाच्याला हे मी सांगितलं होतं. त्याने नीट ऐकलं नव्हतं. मांडीवर नाल उमटला, हाड वाचलं, देवाची कृपा.

चार दिवसांनी मामा परत गेले. जाताना एक शिवी आणि एक सल्ला देऊन गेले. शिवी मला, गुळाबद्दल. मी लाडाने हातातून गूळ भरवत होतो, आणि तुफानने शर्टाच्या खिशाला तोंड घालायला सुरुवात केली होती, एकदा खिशासकट मलाही चावा. आता जे काही द्यायचं ते घमेल्यात. सल्ला असा: "त्याला कोण तरी सोबती बघा. पाच घोड्यांत वाढलंय ते."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रात्री तो खिंकाळायचा, ते मी मस्ती समजत होतो. तो हाका मारत होता. दुसरा घोडा परवडणारा नाही, तेव्हा एक बकरी आणली. पहिल्या दिवशी तो तिच्यावर कान पाडून धावला, तिने शिंगं दाखवली, विषय संपला. आता ती त्याच्या तणावर बसते आणि तो तिच्या भोवतीचं गवत खातो. रात्रीचं खिंकाळणं आठवड्यात बंद झालं. मी शिकलो त्या सगळ्यापेक्षा त्या बकरीने जास्त काम केलं असेल, असं माझी बायको म्हणते. मी वाद घालत नाही.

राहिला पोदेर.

सकाळी साडेसहाला आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलवर पाटली, म्हणजे पावांची टोपली, हॅंडलला रबरी भोंगा. पों पों. आम्हा माणसांना त्या आवाजाने चहाची तल्लफ येते. तुफान त्या आवाजाला चारही पाय एकदम उचलून बाजूला उडायचा. त्याला भीती वाटायच्या बाकीच्या गोष्टीही होत्या: निळी ताडपत्री, मोर, झाडावरून धाडकन पडणारी पोफळीची विरी. पण त्या कधीतरी. भोंगा रोज.

मी आधी चूक केली. भोंगा वाजायच्या वेळेला त्याला घट्ट, आखूड धरून उभा राहायचो. म्हणजे भोंगा वाजतो आणि त्याच क्षणी मानेला फास बसतो, हे मीच त्याला शिकवत होतो. मग पोदेराशी बोललो. पोरगा हुबळीकडचा, समजूतदार. त्याने लांबच्या वळणावर, आंब्यापाशी थांबून एकदाच वाजवायचं, आणि मी तुफानला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बकरीजवळ, गवत खात, कासऱ्याला झोळ ठेवून उभा करायचा. कान उठायचे, तोंड थांबायचं, मग पुन्हा चघळणं सुरू. तोंड थांबलं नाही की दुसऱ्या दिवशी पोदेर दहा पावलं पुढे. दोनदा घाई केली, दोनदा मागे जावं लागलं. 19 दिवसांनी पोदेर फाटकाशी उभा राहून वाजवत होता आणि तुफान पाटलीकडे नाक लांबवत होता. पोयीचा, म्हणजे आमच्याकडच्या पावाचा, एक तुकडा मिळतो त्याला, घमेल्यात. त्या पोराचं दुकान उशिरा पोचायला लागलं म्हणून पलीकडच्या वाड्यावरच्या बायका मला दोष देतात.

हे सगळं वाचून वाटेल, घोडं गंगेत न्हालं. तसं नाही. गेल्या मंगळवारी संध्याकाळी देवळाच्या मांडावर शिगम्याची तालीम सुरू झाली. ढोल आणि ताशे एकदम. आम्ही वाटेवर होतो. तुफानची मान दगडासारखी झाली, शेपूट वर, आणि तो निघाला. मी वळण दिलं, वळला. पुन्हा निघाला, पुन्हा वळवला. तिसऱ्या वळणाला माझा गुडघा लचकला आणि मी बसलो. पण कासरा वेढलेला नव्हता. मी सोडून दिला. तो वीसेक फूट गेला, कासरा जमिनीवर घासत होता, मग थांबला. बकरी घरी होती आणि मी रस्त्यात बसलेलो, यांतलं कोण जवळ हे बहुतेक ठरवत असावा. मी उठलो नाही, हाकही मारली नाही. पाच मिनिटांनी खांद्यापाशी गरम श्वास लागला.

ढोल अजून पंधरा दिवस वाजणार. मी मांडावरच्या पोरांना सांगून ठेवलंय की तालमीला आम्ही लांबून, शेताच्या बांधावरून हजेरी लावू. एका म्हाताऱ्याने विचारलंच, यंदा घोडेमोडणीत खरा घोडा आणणार का. म्हटलं, लाकडी बरा, तो दाणा मागत नाही.

बोंडू पिकायला लागलेत. पाठीवर रिकामं गोणपाट तो घेतो. काल त्यावर दोन रिकामे डबे बांधले, ते एकमेकांवर वाजले आणि तो दोन पावलं उडाला, मग थांबून त्याने मागे वास घेतला. आज डब्यांच्या मध्ये जुनं बनियन कोंबलंय. यंदाचे काजू डोक्यावरूनच उतरणार असं दिसतंय. भाच्याला मी सांगून ठेवलंय, मांडीचा डाग गेला असेल तर ये.